ऑस्ट्रेलियाचा स्पॉन्सर व्हिसा आणि पुढची पीआर: कोकणातल्या कारागिरांनी कोणता कागद कधी हलवावा

रत्नागिरी, खेड, चिपळूण, दापोली, श्रीवर्धन या पट्ट्यात परदेशी नोकरीला जाण्याची एक रुळलेली रीत आहे. ओळखीतून किंवा मुंबईतल्या एजंटाकडून जागा कळते, मुलाखत होते, पासपोर्ट जमा होतो, मेडिकल होते आणि व्हिसा आला की तिकीट निघते. आखातासाठी ही रीत चालून जाते, कारण तिथे बहुतेक कागद कंपनी आणि एजंट यांच्यातच फिरतात आणि जाणाऱ्याला तिथे कायमचे राहायचेही नसते. ऑस्ट्रेलियाच्या कुशल कामगार व्हिसासाठी हीच रीत वापरली की क्रम उलटा होतो. पैसे आधी जातात, कंपनी नंतर कळते आणि अनुभवाचे पुरावे सगळ्यात शेवटी, घाईघाईने गोळा केले जातात. अर्ज अडकतो तो याच शेवटच्या जागी.

खालची माहिती सबक्लास ४८२ या, ऑस्ट्रेलियातल्या कंपनीने स्पॉन्सर केल्यावर (म्हणजे कामगाराची जबाबदारी घेतल्यावर) मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसाची आणि त्यातून पुढे मिळू शकणाऱ्या सबक्लास १८६ या कायम वास्तव्याच्या, म्हणजे पीआरच्या व्हिसाची आहे. ७ डिसेंबर २०२४ पासून ४८२ व्हिसाला ‘स्किल्स इन डिमांड’ असे नाव आहे. लिहिताना डोळ्यांसमोर फिटर, वेल्डर, फॅब्रिकेटर आणि डिझेल मेकॅनिक आहेत. नर्सिंगसाठी ऑस्ट्रेलियात आधी व्यावसायिक नोंदणी लागते आणि तो रस्ता वेगळा असल्याने तो येथे घेतलेला नाही. शुल्क आणि पगाराच्या मर्यादा दर १ जुलैला बदलतात, त्यामुळे इथले आकडे अर्जाच्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्यावेत.

टप्पा १ : आपला ट्रेड नेमका कोणता, हे ठरवणे

ऑस्ट्रेलियात प्रत्येक व्यवसायाला सहा आकडी क्रमांक आणि कामाचे लेखी वर्णन असते. फिटरचा क्रमांक ३२३२११ आणि फर्स्ट क्लास वेल्डरचा ३२२३१३ आहे. आपल्याकडे ‘फिटर’ म्हटला की तो पाइपही जोडतो, पंपही उघडतो आणि वेळ पडली तर वेल्डिंगचा टाकाही मारतो. तिथे ही तीन वेगवेगळी वर्णने आहेत. गेल्या पाच वर्षांत आपला बहुतेक वेळ ज्या कामात गेला तेच वर्णन निवडावे, आयटीआयच्या प्रमाणपत्रावरचे नाव जुळते म्हणून दुसरे निवडू नये. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावर बोटींची इंजिने उतरवणाऱ्या मेकॅनिकने तर डिझेल मेकॅनिकचे वर्णन ओळीने वाचावे आणि आपले काम त्यात कुठे बसते ते कागदावर लिहून काढावे, कारण तपासणारा माणूस हाच प्रश्न विचारणार आहे.

तपासा: निवडलेला व्यवसाय ‘कोअर स्किल्स ऑक्युपेशन लिस्ट’ या यादीत आहे का? नसेल तर सर्वसाधारण मार्गाने कोणतीही कंपनी आपल्याला त्या कामासाठी स्पॉन्सर करू शकत नाही.

टप्पा २ : नाव एकसारखे करणे

हे काम क्षुल्लक वाटते, म्हणून मागे पडते. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे; पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात; पीएफच्या नोंदीत वडिलांचे नाव गायब; आणि आखातातल्या जुन्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या वास्तव्य परवान्यावर, आजोबांचेही नाव जोडलेले. त्यात सावंत कुठे इंग्रजी ‘डब्ल्यू’ने, कुठे ‘व्ही’ने लिहिलेला असतो. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या कागदांत तर दोन पूर्ण वेगळी नावे असतात.

पासपोर्टवरचे नाव प्रमाण मानावे. किरकोळ फरकासाठी नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र सहसा पुरते, पण नावच वेगळे असेल तर राज्याच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. व्हिसाच्या अर्जात ‘इतर नावे’ असा प्रश्न असतो, तिथे आपली सर्व रूपे लिहावीत. जाहीर केलेला फरक सहसा अडचण करत नाही, लपवलेला मात्र संशय निर्माण करतो.

सावधान: अर्ज सुरू झाल्यावर मध्येच पासपोर्टवरचे नाव बदलू नये. बदलायचे असेल तर ते आताच करावे.

टप्पा ३ : अनुभवाचा पुरावा बांधणे

संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळ याच टप्प्याला द्यावा. ४८२ व्हिसासाठी गेल्या पाच वर्षांत निवडलेल्या व्यवसायात किमान एक वर्ष पूर्णवेळ काम केलेले असावे लागते. कौशल्य तपासणीला त्याहून जास्त अनुभव दाखवावा लागतो. अट वाचायला सोपी आहे. आपल्याकडे अडचण अशी की लोटे-परशुराम, महाड, रोहा किंवा कुडाळच्या एमआयडीसीत काम करणारा कारागीर बहुधा कंत्राटदाराच्या मस्टरवर असतो. काम मोठ्या कंपनीच्या प्लँटमध्ये केलेले, पीएफ कंत्राटदाराच्या नावाने भरलेला, आणि कंत्राटदार दर दोन वर्षांनी बदललेला. असा माणूस मोठ्या कंपनीच्या नावाचे पत्र आणतो आणि पीएफच्या पासबुकात भलतेच नाव निघते. पत्र खरे असले तरी ते खोटे दिसते.

म्हणून सुरुवात पत्रापासून न करता नोंदींपासून करावी. यूएएन या पीएफच्या कायम खाते क्रमांकावरून पीएफचे पासबुक आणि सेवा-इतिहास काढावा. पगार जमा झालेल्या खात्याचे बँकेने शिक्का मारलेले उतारे घ्यावेत. ईएसआयसीची नोंद, फॉर्म १६, गेटपासच्या प्रती, सेफ्टी ट्रेनिंगची प्रमाणपत्रे, वेल्डरांच्या बाबतीत वेल्डर क्वालिफिकेशनचे कागद, जे मिळेल ते तारखेप्रमाणे लावावे. ही माळ पूर्ण झाली की मगच कंत्राटदाराकडे पत्र मागायला जावे, म्हणजे पत्रातल्या तारखा नोंदींशी जुळवून घेता येतात.

पत्र लेटरहेडवर असावे. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, आठवड्याचे तास, पगार, कोणत्या कंपनीच्या कोणत्या प्लँटवर नेमले होते ते, प्रत्यक्ष कामांची यादी, आणि सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा व फोन क्रमांक असावा. त्या क्रमांकावर खरोखर फोन येऊ शकतो, म्हणून सही करणाऱ्याला तशी कल्पना द्यावी. कामांची यादी ऑस्ट्रेलियाच्या वर्णनातून शब्दशः उतरवून घेऊ नये. तपासणाऱ्यांनी ती वाक्ये शेकडो पत्रांत पाहिलेली असतात. ‘सेंट्रीफ्यूगल पंपाचे मेकॅनिकल सील बदलणे, डायल गेजने कपलिंगचे अलाइनमेंट तपासणे’ असे स्वतःच्या हातचे काम लिहिलेले पत्र जास्त वजनदार ठरते.

काम करतानाचे फोटो आणि व्हिडिओही मागितले जातात. केमिकल प्लँटमध्ये मोबाइल नेण्यास मनाई असते आणि ती मोडून चोरून चित्रण करणे धोक्याचे आहे. नोकरी जाईल हा त्यातला लहान धोका. सेफ्टी अधिकाऱ्याकडे लेखी परवानगी मागावी, किंवा वर्कशॉपमध्ये उतरवून आणलेल्या यंत्रावर काम करताना चित्रण करावे. चेहरा, हातातले हत्यार आणि सुरक्षेची साधने तिन्ही दिसली पाहिजेत.

आखातातून परतलेल्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. इकाम्यावर ‘मजूर’ किंवा ‘हेल्पर’ लिहिलेले आणि काम मात्र फिटरचे, ही परिस्थिती सर्रास आढळते. तिथल्या कंपनीचे पत्र, कराराची प्रत, पगाराच्या पावत्या आणि फोरमनचे निवेदन एकत्र लावून ही तफावत स्वतःहून स्पष्ट करावी. स्वतःचे गॅरेज किंवा वर्कशॉप असणाऱ्यांनी उद्यम नोंदणी, चालू खात्याचे उतारे, आयकराची विवरणे, सुट्या भागांची बिले आणि ग्राहकांची पत्रे जमवावीत. पगार रोखीने घेतलेली वर्षे सिद्ध करणे फार कठीण जाते, आणि माझ्या मते अशी वर्षे ओढूनताणून दाखवण्यापेक्षा पुढचे एक वर्ष बँकेतून पगार घेऊन काढावे.

सावधान: विकत घेतलेले अनुभवपत्र पकडले गेले तर तीन वर्षांपर्यंत व्हिसा नाकारला जातो, आणि ओळखीबाबत खोटेपणा असेल तर दहा वर्षांपर्यंत. ‘कागद एजंटाने लावला, मला ठाऊक नव्हते’ या बचावावर विसंबू नये.

टप्पा ४ : इंग्रजी

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ४८२ साठी प्रत्येक भागात किमान ५ बँड, म्हणजे गुण, लागतात, पीआरच्या १८६ साठी प्रत्येक भागात ६. परीक्षेचा निकाल तीन वर्षे धरला जातो. घरबसल्या देता येणारी ऑनलाइन परीक्षा चालत नाही, केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. ऐकणे आणि बोलणे यांत आपले कारागीर सहसा तरून जातात, ५ आणि ६ यांच्यात अडतात ते लेखनात. म्हणून आज ५ पुरत असले तरी तयारी ६ चीच ठेवावी. तिथे दहा तासांची पाळी करून रात्री निबंध लिहिण्याचा सराव करणे किती जणांना जमते, ते तिथे गेलेल्यांना विचारावे.

टप्पा ५ : कौशल्य तपासणी

भारतीय पासपोर्टधारकांना फिटर, वेल्डर, मेटल फॅब्रिकेटर, डिझेल मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, सुतार अशा अनेक ट्रेडसाठी ४८२ व्हिसालाही कौशल्य तपासणी बंधनकारक आहे. ती ‘ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया’ या सरकारी संस्थेच्या योजनेखाली होते. प्रथम कागद तपासले जातात आणि नंतर तांत्रिक तपासणी होते.

या तांत्रिक तपासणीतली मुलाखत इंग्रजीत असते आणि तिथे व्याकरण महत्त्वाचे नसते. कामाची पायरी-पायरीने मांडणी महत्त्वाची असते. ‘साहेब सांगतील तसे करतो’ या अर्थाचे उत्तर सर्वांत घातक. पंप बंद करण्याची परवानगी कोणाकडून घेतली, वीज कशी तोडून कुलूप लावले, दाब कसा काढला, कोणते माप कोणत्या उपकरणाने घेतले आणि ते चूक निघाले तर काय केले, असे एकेक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने सांगण्याचा सराव करावा. ट्रेडचे शब्द आपल्याला इंग्रजीतच ठाऊक असतात, कमी पडते ती वाक्ये जोडण्याची सवय.

तपासा: इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर यांना तपासणीनंतरही संबंधित राज्याचा परवाना मिळेपर्यंत स्वतंत्रपणे काम करता येत नाही. कंपनीने देखरेखीखालच्या काळासाठी कोणती व्यवस्था ठेवली आहे, ते लेखी विचारावे.

टप्पा ६ : कंपनी पारखणे आणि पैशांची रेघ ओढणे

आता, आणि आताच, कंपनीशी बोलायला सुरुवात करावी. ऑस्ट्रेलियातल्या प्रत्येक व्यवसायाला एबीएन नावाचा अकरा आकडी क्रमांक असतो आणि तो ‘एबीएन लुकअप’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. कंपनीचे नाव, राज्य आणि नोंदणी सुरू झाल्याची तारीख तिथे दिसते. गेल्या महिन्यात नोंदलेली कंपनी तीस वेल्डर मागत असेल तर पुढे जाऊ नये.

दुसरी कसोटी पगाराची. २०२५-२६ साठी या व्हिसाच्या मुख्य मार्गात किमान वार्षिक पगार ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, आणि शिवाय त्याच कामासाठी तिथल्या नागरिकाला मिळतो त्याहून तो कमी असून चालत नाही. लेबर ॲग्रीमेंट, म्हणजे कंपनीने तिथल्या सरकारशी केलेला खास करार, यासारखे अपवाद सोडले तर याखालचे ऑफर लेटर व्हिसापर्यंत पोहोचूच शकत नाही.

तिसरी कसोटी पैशांची. स्पॉन्सर होण्याचे आणि नॉमिनेशनचे (त्या जागेसाठी आपले नाव देण्याचे) शुल्क, तसेच प्रशिक्षण निधीचा कर कंपनीनेच भरायचा असतो. हा कर वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या कंपनीला दरवर्षामागे १,२०० डॉलर आणि मोठ्या कंपनीला १,८०० डॉलर पडतो. लहान कंपनीने चार वर्षांसाठी नॉमिनेशन केले तर सुरुवातीलाच ४,८०० डॉलर भरावे लागतात. हा खर्च कामगाराकडून वसूल करणे, पगारातून हप्त्याने कापून घेणेसुद्धा, बेकायदा आहे. आपल्या वाट्याला येतो तो व्हिसाच्या अर्जाचा, इंग्रजीच्या परीक्षेचा, कौशल्य तपासणीचा आणि मेडिकलचा खर्च.

सावधान: स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणे हा तिथे गुन्हा आहे आणि पैसे देणाऱ्यावरही कारवाई होऊन त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. आखाताच्या ‘आझाद व्हिसा’सारखा, म्हणजे व्हिसा एकाच्या नावाने विकत घेऊन काम दुसरीकडे करण्याचा, प्रकार इथे अस्तित्वातच नाही. पंधरा-वीस लाखांत ‘स्पॉन्सरसकट पॅकेज’ सांगणाऱ्यासाठी हापूसची बाग किंवा सामाईक सातबाऱ्यावरचा आपला हिस्सा गहाण टाकू नये.

मध्यस्थांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या भारतातल्या एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालचा परवाना असावा लागतो. तो ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो, आणि त्याच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. व्हिसाचा सल्ला देणारा मायग्रेशन एजंट ऑस्ट्रेलियात नोंदलेला असेल तर त्याला सात आकडी नोंदणी क्रमांक असतो. भारतात बसून सल्ला देणाऱ्यावर अशा नोंदणीची सक्ती नाही, म्हणूनच नोंदणी असलेलाच निवडावा, कारण तक्रार करायला जागा उरते.

टप्पा ७ : तीन अर्ज, याच क्रमाने

ज्याला आपण ‘व्हिसा’ म्हणतो ते प्रत्यक्षात तीन वेगळे अर्ज असतात. पहिला कंपनीचा, स्पॉन्सर म्हणून मान्यता मिळवण्याचा; ही मान्यता पाच वर्षे चालते. दुसराही कंपनीचाच, विशिष्ट जागेसाठी विशिष्ट माणसाचे नाव देण्याचा, म्हणजे नॉमिनेशनचा. त्याआधी कंपनीला ती जागा ऑस्ट्रेलियात ठरावीक काळ जाहिरात करून दाखवावी लागते, त्यामुळे ‘पुढच्या आठवड्यात नॉमिनेशन’ असे सांगणाऱ्याला जाहिराती कधी दिल्या ते विचारावे. तिसरा अर्ज आपला.

नॉमिनेशन दाखल होताच आपला अर्ज भरता येतो, पण नॉमिनेशन नाकारले गेले तर आपलाही अर्ज पडतो आणि भरलेले शुल्क सहसा परत मिळत नाही. कंपनी पहिल्यांदाच स्पॉन्सर होत असेल तर नॉमिनेशन मंजूर होईपर्यंत थांबणे शहाणपणाचे. अर्ज एजंटाने भरला तरी दाखल केलेल्या अर्जाची पूर्ण प्रत मागून घ्यावी आणि प्रत्येक तारीख आपल्या फाइलशी ताडून पाहावी.

मेडिकल ऑस्ट्रेलियाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते आणि बायोमेट्रिक (बोटांचे ठसे आणि फोटो) व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्रावर. दोन्ही मुंबईत होतात. पोलीस क्लिअरन्स मागितला जातो तो गेल्या दहा वर्षांत जिथे बारा महिने किंवा अधिक राहिलो त्या प्रत्येक देशाचा. आखातातून परतल्यावर तिथला दाखला मिळवणे जिकिरीचे असते, म्हणून सध्या तिथे असणाऱ्यांनी कायमचे निघण्यापूर्वीच तो काढावा.

तपासा: हा व्हिसा पासपोर्टवर चिकटवला जात नाही, तो इलेक्ट्रॉनिक असतो. ग्रँट क्रमांक (व्हिसा मंजुरीच्या पत्रावरचा क्रमांक) आणि पासपोर्ट क्रमांक घालून ‘व्हेवो’ या सरकारी सेवेवर तो स्वतः पाहावा. तो दिसेपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नये आणि तिकीट काढू नये.

टप्पा ८ : पोहोचल्यावरची दोन वर्षे

पीआरची फाइल पहिल्या दिवसापासून सुरू होते. काम नॉमिनेशनमध्ये लिहिलेल्या व्यवसायातच करावे लागते. वेल्डर म्हणून गेलेल्याला गोदाम सांभाळायला लावले तर ते महिने पुढे हिशोबात धरले जाण्याची खात्री नाही. पगार झाल्यावर एका कामाच्या दिवसात पगारपत्रक मिळणे हा तिथला कायदा आहे. प्रत्येक पगारपत्रक जपावे. पगारावर १२ टक्के रक्कम सुपरॲन्युएशन, म्हणजे निवृत्तीच्या, निधीत जमा होते का, तेही दर तिमाहीस पाहावे. ४८२ वर असताना भारतीयांना तिथली सरकारी मेडिकेअर सेवा मिळत नाही, त्यामुळे आरोग्य विमा सतत चालू ठेवणे बंधनकारक आहे.

रजेबाबत एक बारकावा आहे. पूर्णवेळ कामगाराला वर्षाला चार आठवडे भरपगारी रजा असते. गणपतीला आणि शिमग्याला दोन्ही वेळा गावी यायचे म्हणून बिनपगारी रजा वाढवली, तर ते दिवस पीआरसाठी लागणाऱ्या दोन वर्षांत मोजले जात नाहीत.

नोकरी सुटली तर घाबरून परत येऊ नये. १ जुलै २०२४ पासून नवा स्पॉन्सर शोधायला सलग १८० दिवसांपर्यंत आणि त्या व्हिसाच्या पूर्ण मुदतीत एकूण ३६५ दिवसांपर्यंत वेळ मिळतो, आणि त्या काळात इतर काम करण्याचीही मुभा असते. ‘सोडून गेलास तर व्हिसा रद्द करतो’ ही मालकाची धमकी पूर्वीइतकी धारदार राहिलेली नाही.

टप्पा ९ : १८६, म्हणजे पीआरचा अर्ज

४८२ वर दोन वर्षे झाली की पीआर आपोआप होते, हा समज सर्वांत खोल रुजलेला आहे. पीआरसाठी कंपनीला पुन्हा नवे नॉमिनेशन करावे लागते, पुन्हा कर भरावा लागतो; लहान कंपनीला एकरकमी ३,००० डॉलर, मोठीला ५,०००. तसे करण्याचे बंधन तिच्यावर नसते. म्हणून नोकरी स्वीकारतानाच पीआरला पाठिंबा देणार का, हे ईमेलवर विचारून ठेवावे. तोंडी ‘हो’ला येथे किंमत नाही.

‘टेम्पररी रेसिडेन्स ट्रान्झिशन’ या मार्गात गेल्या तीन वर्षांपैकी दोन वर्षे स्पॉन्सरकडे काम झालेले असावे लागते. ७ डिसेंबर २०२४ पासून वेगवेगळ्या मान्यताप्राप्त स्पॉन्सरांकडचा काळ एकत्र धरला जातो, त्यामुळे मालक बदलला की घड्याळ शून्यावर जाते ही भीती आता निराधार आहे. वय अर्जाच्या दिवशी ४५ पेक्षा कमी असावे, काही ठरावीक सवलती वगळता. इंग्रजीचे ६ बँड अर्जापूर्वी हातात असावेत. नॉमिनेशन मंजूर झाल्यावर सहा महिन्यांत आपला अर्ज गेला नाही तर ते नॉमिनेशन वाया जाते.

वयाचा हिशोब इथून उलटा मांडावा. बेचाळिशी ओलांडलेल्या कारागिराने ४८२ ची तयारी सुरू केली आणि तपासणी, कंपनी, व्हिसा यांत वर्ष गेले, तर दोन वर्षे भरेपर्यंत वयाची मर्यादा निघून जाते. अशांनी हा व्हिसा केवळ कमाईचा म्हणून घ्यावा, किंवा तीन वर्षांचा अनुभव आणि कौशल्य तपासणी यांच्या बळावर थेट १८६ करणारी कंपनी शोधावी. मोठ्या शहरांबाहेर जायची तयारी असणाऱ्यांना सबक्लास ४९४ हाही पर्याय आहे. त्यालाही ४५ ची मर्यादा आहे, पण ती अर्जाच्या वेळीच पाहिली जाते आणि तीन वर्षांनंतर सबक्लास १९१ या कायम वास्तव्याच्या व्हिसामार्गे पीआरचा अर्ज करताना कंपनीच्या नव्या नॉमिनेशनची गरज लागत नाही.

पत्नी आणि मुले पीआरच्या अर्जात एकत्रच घालावीत. मूल गावी आजीआजोबांकडे असले तरी त्याची माहिती आणि मेडिकल द्यावेच लागते, आणि ‘नंतर बोलावून घेऊ’ म्हणून वगळलेल्या माणसासाठी पुढे स्वतंत्र, महाग आणि लांबचा मार्ग उरतो. पीआर मिळाल्यावर ऑस्ट्रेलियात राहण्याला मुदत नसते, मात्र बाहेर जाऊन परत येण्याची सोय पाच वर्षांचीच असते. ती तारीख ग्रँटच्या पत्रावर छापलेली असते आणि ती उलटल्यावर प्रवास करायचा असेल तर रेसिडेंट रिटर्न व्हिसा काढल्याशिवाय देश सोडू नये.